वाचकांचे प्रश्न : अँटिलोप बेटावरचा रस्ता

अमेरिकेतल्या युटा राज्यात, ग्रेट सॉल्ट लेक या खाऱ्या सरोवरात अँटिलोप नावाचं एक बेट आहे. बेट म्हणजे पूर्ण एक राज्य उद्यानच, आणि तिथे गाडीने जाता येतं. मागच्या अंकात मी त्याच्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रं आली की या महिन्याचं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. मी मूळची साताऱ्याकडची. गेली बावीस वर्षं या बेटापासून अर्ध्या तासावर, लेटनला राहते. महिन्यातून एक फेरी तरी होतेच. त्यामुळे लिहिते आहे ते तिथे जाऊन-येऊनच.

प्रश्न : ताई, मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं लेकाकडे सॉल्ट लेक सिटीला येतोय. माझ्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, पाच-दहा मिनिटांपलीकडे चालवत नाही. हे वनखात्यातून निवृत्त झाले, राधानगरीला बरीच वर्षं काढली. ते म्हणतात, "गवे आयुष्यभर बघितले, आता समुद्र ओलांडून पुन्हा गवेच काय बघायचे?" लेक येलोस्टोनला चला म्हणतो, पण तेवढा प्रवास मला झेपणार नाही. त्या बेटावर गाडीतून न उतरता खरंच काही दिसतं का?
— एक वाचक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : दिसतं. खरं सांगायचं तर गाडीतून उतरणाऱ्यांपेक्षा न उतरणाऱ्यांनाच जास्त दिसतं. ज्यांनी राधानगरीत मचाणावर रात्री काढल्यात, त्यांना हे वेगळं सांगायला नको. इथल्या जनावरांना गाडीची सवय आहे. गाडी म्हणजे त्यांच्या लेखी एक मोठा दगड. दोन पायांवरचा माणूस दिसला की मात्र ती सावध होतात. म्हणून या बेटावर तुमची गाडी हीच मचाण. तुमच्या गुडघ्यांमुळे तुमचं काहीच हुकणार नाही.

आधी यजमानांच्या शंकेचं बोलू. दाजीपूरला लोक अजून 'बायसन अभयारण्य' म्हणतात, त्यामुळे हा घोटाळा जुना आहे. आपला गवा आणि अमेरिकन बायसन हे भाऊबंद खरे, पण एक नव्हेत. गवा उंचीला आणि वजनाला बायसनपेक्षा सरस. त्याचं अंग तुकतुकीत, पायांत पांढरे मोजे, राहणी जंगलातली. दिसला तर पहाटे-संध्याकाळी, झाडीच्या कडेला. बायसन माळरानावरचा. त्याचं सगळं वजन पुढे: खांद्यावर वशिंड, दाढी, डोक्यावर आणि पुढच्या पायांवर लोकरीची झूल. मागचा भाग मात्र सडपातळ, जणू दोन वेगळ्या जनावरांचे अर्धे भाग जोडलेत. मे महिन्यात ही हिवाळ्याची लोकर लक्तरांसारखी गळत असते, तेव्हा जनावर आजारी आहे असं समजू नका. आणि मेमध्ये येताय तर पिलं नक्की बघायला मिळतील. ती आईसारखी काळपट नसतात, विटकरी-नारिंगी असतात. वाळक्या गवतात असं पिलू उठून उभं राहिलं की कितीही लांबून नजरेत भरतं.

गवा तुमच्या यजमानांना क्षणभर दिसला असेल, झाडीत शिरताना. इथे एक कळप समोर ठेवून दोन तास बसता येतं. कोण कोणाला हुसकतं, पिलू कोणाच्या मागे जातं, म्हातारा नर एकटा का चरतो, हे सगळं सावकाश बघता येतं. त्यांना मी अगदी आग्रहाने सांगते, या.

आता रस्ता. सॉल्ट लेक सिटीहून आंतरराज्य महामार्ग १५ ने उत्तरेला यायचं, ३३२ क्रमांकाच्या फाट्याला उतरून पश्चिमेला सरळ. सिरॅक्यूज नावाचं गाव संपलं की उद्यानाचं नाकं लागतं. शहरापासून इथवर साधारण तासभर. पैसे गाडीमागे घेतात, माणशी नाही. नाक्यानंतर सात मैलांचा, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटरचा भराव-रस्ता थेट सरोवरातून जातो. लोक हा रस्ता नुसता पार करतात, आणि तिथेच चुकतात. पाणी असेल त्या वर्षी दोन्ही बाजूंना उथळ पाण्यात पक्ष्यांची गर्दी असते. आपल्या शेकाट्याचा इथला भाऊ, तसेच लाल-लाल पाय. वर वळलेल्या चोचीचे ॲव्होसेट, मान आडवी हलवत पाणी ढवळणारे. बाजूला गाडी उभी करण्याच्या जागा आहेत, तिथेच थांबा. रस्त्यात मध्येच थांबू नका, मागून येणारा वेगात असतो.

बेटावर पोचलात की आधी डावीकडचा, पूर्व किनाऱ्याने दक्षिणेला जाणारा रस्ता धरा. सुमारे अकरा मैलांचा डांबरी रस्ता आहे, शेवटी फील्डिंग गार यांचं जुनं रँच, म्हणजे गुराढोरांचा मळा. एका बाजूला सरोवर आणि पलीकडे वॉसॅच डोंगरांची रांग, मेमध्ये माथ्यावर बर्फ असलेली. दुसऱ्या बाजूला बेटाचा कणा. त्याचं सर्वांत उंच टोक, फ्रॅरी शिखर, ६,५९६ फुटांवर आहे. डोंगराच्या अंगावर आडव्या पायऱ्या ओढल्यासारख्या दिसतील. त्या शेतीच्या नाहीत. हिमयुगात इथे बोनव्हिल नावाचं प्रचंड सरोवर होतं, ते टप्प्याटप्प्याने उतरत गेलं आणि प्रत्येक टप्प्यावर त्याच्या लाटांनी डोंगराला अशी रेघ मारून ठेवली.

या रस्त्यावर माझी एकच विनंती आहे: जनावर दिसलं की पुढे काढू नका. जागा बघून गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि वीस मिनिटं घड्याळ लावून बसा. पहिली पाच मिनिटं काहीच होत नाही. मग सुरू होतं.

माझ्या सासूबाई २०११ च्या ऑक्टोबरमध्ये इथे आल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, काठीशिवाय पाऊल टाकवत नव्हतं. मी त्यांना पुढच्या सीटवर बसवून याच रस्त्याने नेलं. एक नर रस्त्यापासून असेल पन्नास-साठ पावलांवर, नुसता उभा. आम्ही थांबलो. बऱ्याच वेळाने त्याने पुढच्या खुराने माती उकरली, गुडघे टेकले आणि धाडकन कुशीवर पडला. चारी पाय हवेत, वशिंडामुळे पूर्ण उलटता येत नाही म्हणून पुन्हा उठून दुसरी कूस. मातीचा असा लोट उठला की जनावर दिसेनासं झालं, फक्त घुसळल्याचा आवाज आणि खोल घोरल्यासारखं फुत्कारणं. धूळ खाली बसली तेव्हा तो उभा होता, अंग झटकत, पापण्यांवरसुद्धा माती. सासूबाई काचेला नाक लावून बसल्या होत्या. म्हणाल्या, "आपली म्हस चिखलात लोळती, ह्यो कोरड्यात लोळतोय की गं!" त्या जागी जमिनीला बशीसारखा खड्डा पडलेला असतो. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच लोळतात. रस्त्यावरून असे खड्डे ओळखायला शिका. खड्ड्याजवळ उभा असलेला बायसन सोडून पुढे जाऊ नये.

हा कळप मूळचा इथला नाही. १८९३ मध्ये बारा बायसन होडीतून या बेटावर आणले. त्या काळात अमेरिकेतले कोट्यवधी बायसन मारून संपवले होते, सगळे मिळून हजारही उरले नव्हते. आणणाऱ्यांचा हेतू धंद्याचा होता, जीव वाचवण्याचा नव्हता. पण पाण्याने वेढलेल्या बेटामुळे ते तगले. आज इथे हंगामानुसार पाचशे ते सातशे असतात.

रँचवर मात्र पाच-दहा मिनिटं उतरा, तेवढं तुम्हाला जमेल. १८४८ चं कच्च्या विटांचं घर आहे, जाड भिंतींचं, आत शिरल्यावर आपल्याकडच्या मातीच्या घरासारखा गारवा. १९८१ पर्यंत तिथे माणसं राहत होती. झऱ्यामुळे तिथे मोठी झाडं आहेत, एरवी बेट उघडंबोडकं. त्या झाडांवर ग्रेट हॉर्न्ड आउल, म्हणजे आपल्या शृंगी घुबडाचा नातेवाईक, दिवसा झोपलेलं सापडतं. यजमानांना शोधू द्या; त्यांना सापडेल.

आणि परतताना त्याच रस्त्याने परत यायचं म्हणून खट्टू होऊ नका. उन्हाची बाजू बदललेली असते. मला निम्म्याहून जास्त गोष्टी परतीच्या वाटेवरच दिसल्या आहेत.

एक अडचण मात्र स्पष्ट सांगते. मे हा चिलटांचा महिना आहे. डोळ्यांना जेमतेम दिसतात, पण चावतात ती केसांच्या मुळाशी आणि कानामागे, आणि खाज आठवडाभर जात नाही. पहिल्या वर्षी मला कोणी सांगितलं नव्हतं. दोन्ही कान सुजून डॉक्टरकडे जावं लागलं होतं. अंगाला लावायच्या औषधांचा फारसा उपयोग होत नाही. डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी मिळते, ती घ्या, वारा असलेला दिवस निवडा आणि काचा बंद ठेवा. तुमचं तिकीट अजून काढलं नसेल तर सप्टेंबरअखेर या, असं मी म्हणेन. पिलं तोवर रंग बदललेली असतील, पण काच खाली करून बसता येईल.

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. जूनअखेर गाडीने येलोस्टोनला निघालोय, वाटेत अर्धा दिवस या बेटासाठी काढू शकतो. मुलं सात आणि अकरा वर्षांची. त्यांना पोहायचंय आणि बायसनसोबत फोटो हवाय. आमच्याकडे राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास आहे, तो चालेल ना?
— एक वाचक, फ्रीमाँट

उत्तर : पास चालणार नाही, हे राज्याचं उद्यान आहे, राष्ट्रीय नाही.

बायसनसोबत फोटो या विषयावर मला जरा कडक बोलू द्या. बायसन ताशी ५० किलोमीटरहून जास्त वेगाने धावतो, आणि उभ्या जागेवरून. २०१९ मध्ये याच बेटावर पायवाटेवर धावायला गेलेल्या एका माणसाला बायसनने शिंगांवर घेतलं, तुडवलं. मी स्वतः पहिल्या वर्षी ही चूक केली आहे. कॅमेरा घेऊन वीसेक पावलांपर्यंत गेले होते. जनावर चरत होतं, मान खाली, शांत. मग त्याची शेपटी उचलली गेली, आधी आडवी, मग सरळ उभी. त्याचा अर्थ मला माहीत नव्हता. नवरा गाडीतून ओरडला, मी मागे मागे येत दारापाशी पोचले, आणि तो एक झेप पुढे येऊन थांबला. तो थांबला, म्हणून मी आज हे लिहिते आहे. शेपटी उभी राहिली की तुम्ही आधीच फार जवळ आहात, एवढं मुलांना पाठ करून घ्या.

मुलांना एक युक्ती शिकवा, त्यांना आवडेल. हात सरळ पुढे करायचा, एक डोळा मिटायचा, अंगठा वर. अंगठ्याआड पूर्ण बायसन झाकला गेला तर अंतर ठीक. कान-शेपूट बाहेर दिसत असेल तर मागे सरायचं. फोटोत मुलं गाडीच्या खिडकीत आणि बायसन मागे माळावर, असा घ्या. घरी भिंतीवर लावायला तोच जास्त चांगला दिसतो. कळप रस्त्यावर आला तर थांबा, भोंगा वाजवू नका. ते जातात, त्यांच्या वेळेने.

पोहण्यासाठी उत्तरेला ब्रिजर बे. पोहणं म्हणण्यापेक्षा तरंगणं. पाणी समुद्राच्या तिप्पट-चौपट खारं, पाठ टेकवली की माणूस बुडत नाही. मुलं वेडी होतात. पण खरचटलेलं असेल तर झोंबेल, डोळ्यांत गेलं तर रडारड होईल, म्हणून प्यायच्या पाण्याची एक वेगळी बाटली हाताशी ठेवा. सरोवर आटल्यामुळे गाड्या लावायच्या जागेपासून पाण्यापर्यंत उन्हात बरंच चालावं लागतं, चपला काढू नका. काठावर काळी सतरंजी पसरलेली दिसेल. त्या माश्या आहेत, लाखोंनी, पण चावत नाहीत. मुलांना तिथे शांत बसवा आणि कुरव पक्ष्याकडे बघायला सांगा: तो चोच उघडी धरून, मान खाली घालून, सतरंजीवरून सरळ धावत सुटतो. माश्या उठतात आणि चोचीत जातात. पाऊलभर अंतरावर मागे सतरंजी पुन्हा मिटते. माझा मुलगा सात वर्षांचा असताना दीड तास हेच बघत होता. बायसनकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

बेटावर पेट्रोल मिळत नाही, सावली जवळजवळ नाही. टाकी भरून, डबा बांधून जा. जूनअखेर चिलटं बहुतेक ओसरलेली असतात.

आणि मुलांना हेही सांगा की तुमच्या गावाचं नाव ज्या जॉन फ्रीमाँटवरून पडलं, त्यानेच या बेटाचं नाव ठेवलं. हा फ्रीमाँट मुलूख धुंडाळत फिरणारा; तो १८४५ मध्ये किट कार्सन या वाटाड्याला घेऊन इथे आला, त्यांनी इथली प्राँगहॉर्न हरणं मारून खाल्ली आणि त्या मांसाची जाण ठेवून बेटाला अँटिलोप हे नाव दिलं. नाव खरं तर चुकलं. प्राँगहॉर्न हे अँटिलोप नाहीच. आपला काळवीट खरा अँटिलोप. प्राँगहॉर्नचं जवळचं जिवंत नातं जिराफाशी आहे. पुढे ती इथून नाहीशी झाली, आणि १९९३ मध्ये पुन्हा आणून सोडली. पळताना ढुंगणावरचे पांढरे केस फुलवतात, तो दुसऱ्यांना धोक्याचा इशारा. एवढ्या लांबून आलात तर निदान एकदा ते पांढरं फूल उमललेलं बघूनच पुढे निघा.

प्रश्न : मी पक्षिनिरीक्षक आहे, ठाणे खाडीला नियमित जाते. कामानिमित्त एकदाच सॉल्ट लेक सिटीला येणं होणार आहे, तारीख माझ्या हातात आहे. पक्ष्यांसाठी कधी येऊ? आणि तिथे चकोर दिसतो असं ऐकलं, ते खरं का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : चकोर खरा! चंद्रकिरण पिऊन जगतो म्हणून आपण ज्याला ओव्या-अभंगांत भेटतो, तोच. इंग्रजीत त्याला चुकार म्हणतात, आणि ते नाव आपल्याकडूनच गेलेलं. शिकारीचा पक्षी म्हणून त्याला अमेरिकेत आणलं. १८९३ मध्ये कराचीहून पाच जोड्या इलिनॉय राज्यात नेल्याची नोंद आहे. बेटावर बायसन आले तेही त्याच वर्षी, हा योगायोग मला फार आवडतो. दोघंही परके, दोघंही इथलेच झाले. चकोर पाहायचा तर सकाळी, उत्तरेकडच्या खडकांत, बफेलो पॉइंटच्या आसपास. आधी आवाज येतो: "चक्‌-चक्‌-चकार", भराभर चढत जाणारा. मग खडकाचाच एक तुकडा हलल्यासारखा वाटतो. राखी अंग, लाल चोच, कपाळापासून डोळ्यांवरून गळ्यापर्यंत काळी रेघ आणि कुशीवर पट्टे. मी सातारा सोडेपर्यंत चकोर फक्त शब्दांत ऐकलेला. महाराष्ट्रात तो नाहीच, हिमालयातला पक्षी. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी आईला फोन लावला. तिच्याकडे मध्यरात्र होती. ती रागावली नाही.

तारीख विचारलीत. मी ऑक्टोबर सांगेन. ऑक्टोबरात या सरोवरावर इअर्ड ग्रीब लाखोंनी उतरतात. आपल्या टिबुकलीच्या कुळातले, लाल डोळ्यांचे. हा पक्षी इथे येऊन जे करतो ते ऐकून विश्वास बसत नाही. तो पाण्यातले आर्टेमिया, म्हणजे नखाएवढेही नसणारे खाऱ्या पाण्यातले जीव, खात सुटतो. पोटाचे अवयव वाढतात आणि उडायचे स्नायू इतके आक्रसतात की काही महिने त्याला उडताच येत नाही. मग खाणं संपत आलं की उलटा क्रम: पोट आक्रसतं, स्नायू पुन्हा भरतात, आणि थंडीतल्या एखाद्या रात्री थव्याच्या थवे दक्षिणेला निघून जातात. तुम्ही आदल्या दिवशी पाणी काळं दिसेल इतके पक्षी बघितलेले असतात, आणि सकाळी रिकामं पाणी.

फॅलरोप हवे असतील तर जुलैअखेर ते ऑगस्ट. पाण्यावर भोवऱ्यासारखे गरगर फिरतात, त्या भोवऱ्याने खालचं खाणं वर येतं, आणि इथे पोट भरून ते दक्षिण अमेरिकेतल्या खाऱ्या सरोवरांपर्यंत जातात. पण तेव्हा ऊन कडक, शिवाय बायसनचा माजाचा काळ, नर एकमेकांवर धावून जातात. गाडीतून ते दृश्य विलक्षण. पायी फिरणाऱ्या पक्षिनिरीक्षकाला मात्र अवघड.

एक जीव सहसा हुकतो, म्हणून सांगते: बरोइंग आउल. जमिनीतल्या बिळात राहणारं छोटं घुबड. उन्हाळ्यात रस्त्यालगतच्या मोकळ्या जमिनीवर बिळाच्या तोंडाशी उभं असतं. आपल्या पिंगळ्याच्याच प्रजातिगटातलं, तसेच गोल पिवळे डोळे, तशीच मान खाली-वर करायची सवय, फक्त पाय लांब. गाडीतून बघितलं तर अर्धा तास बसतं, दार उघडलं की बिळात.

ऑक्टोबरच्या शेवटी आलात तर बायसन गोळा करण्याचा दिवसही साधेल. घोडेस्वार सगळा कळप दक्षिणेकडून उत्तरेच्या कुंपणापर्यंत हाकत आणतात. तिथे तपासणी, लसीकरण, आणि बेटावरच्या गवताला पुरतील तेवढे ठेवून जादा जनावरं विकतात. त्यांना विकू नये असं वाटणारे लोक आहेत; मलाही आधी वाटायचं. पण बेटावर त्यांना खाणारं कोणी नाही आणि गवत मोजकं. एका कोरड्या वर्षी उघड्या पडलेल्या उतारावर हाडं निघालेली जनावरं मी पाहिली, तेव्हापासून माझा विरोध गेला.

प्रश्न : मी मेहकरला शिक्षक आहे. आमच्या शाळेची सहल दरवर्षी लोणारला जाते. लोणारसारखंच तुमचं सरोवरही खारं आहे आणि आटत चाललंय असं मुलांना वाचून दाखवलं. मुलांनी विचारलं : पाणी आटलं तर बेट बेट राहील का? तिथली थोडी वाळू पाठवता येईल का?
— एक शिक्षक, मेहकर

उत्तर : गुरुजी, मुलांना माझा नमस्कार सांगा, प्रश्न फार नेमका विचारलाय. उत्तर असं की काही वर्षं ते बेट राहिलेलंच नाही. पाणी खूप उतरलं की दक्षिणेकडचा चिखल उघडा पडतो, वाळतो, आणि बेट जमिनीला जोडलं जातं. नाव बेटाचं, पण भोवती पांढरं मीठ आणि भेगाळलेली माती.

मी इथे आल्यापासूनचं सर्वांत कमी पाणी नोव्हेंबर २०२२ मध्ये बघितलं. मोजणी सुरू झाल्यापासूनचा तो नीचांक होता, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,१८८.५ फूट. पुढच्या हिवाळ्यात बर्फ भरपूर पडलं, पाणी थोडं चढलं. उलट १९८० च्या दशकात इतकं पाणी आलं होतं की बेटाचा भराव-रस्ताच बुडाला. जवळजवळ दहा वर्षं बेट बंद होतं, १९९३ मध्ये पुन्हा उघडलं. त्या वेळच्या सर्वोच्च पातळीत आणि २०२२ च्या पातळीत सुमारे २३ फुटांचा फरक आहे. वर्गाच्या छताला हात लावून दाखवा आणि सांगा, याच्या दुप्पट. आणि सरोवर ताटलीसारखं उथळ असल्यामुळे एक फूट पाणी उतरलं तरी काठ कितीतरी मागे सरतो.

लोणारसारखंच इथून पाणी बाहेर जायला वाट नाही. बेअर, वेबर आणि जॉर्डन या नद्या येतात, पाणी फक्त वाफ होऊन जातं, क्षार मागे राहतात. या नद्यांचं पाणी वरच्या वर वळवलं जातं, सगळ्यात जास्त शेतीला, त्यातही जनावरांच्या लसूणघासाला. मी शेतकऱ्याची मुलगी आहे. पाण्यासाठी शेतकऱ्याला दोष देताना माझी जीभ जड होते. पण उघड्या पडलेल्या तळातून वाऱ्याबरोबर धूळ उठते, त्यात आर्सेनिक असतं, आणि ती खाली राहणाऱ्या लाखो माणसांच्या छातीत जाते. खारेपणा वाढला की आर्टेमिया मरतात, ते मेले की पक्ष्यांनी काय खायचं? याच आर्टेमियाची अंडी इथून जगभर कोळंबीच्या बीजोत्पादन केंद्रांना जातात, आपल्या देशातही. हे सरोवर राहावं म्हणून इथे सभा होतात, मी जाते, तीन मिनिटं मिळतात, तेवढ्यात जे बोलता येईल ते बोलते.

लोणारचं पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झालं होतं, ते मुलांना आठवत असेल किंवा घरच्यांनी सांगितलं असेल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं की खारेपणा वाढल्यावर फोफावणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे. आमच्या सरोवराचा उत्तरेकडचा भाग त्याच जातकुळीच्या जीवांमुळे कायमच गुलाबी असतो. १९५९ मध्ये रेल्वेसाठी दगडांचा भराव घालून सरोवराचे दोन भाग झाले, उत्तरेत गोडं पाणी फार थोडं पोचतं, म्हणून तिकडे खारेपणा जास्त. बेटाच्या बाजूला रंग साधा, निळा-करडा.

वाळू पाठवता येणार नाही. उद्यानातून काही उचलू नये असा नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण ती कशी आहे ते सांगते. नदीची वाळू म्हणजे फुटलेले खडक, कणाला कोपरे असतात. ही वाळू गोल आहे. पाण्यात एखादा बारीकसा कण असतो, कधी आर्टेमियाची विष्ठासुद्धा, आणि लाटांत गडगडताना त्याच्यावर चुन्याचा थरावर थर चढत जातो. भिंगाखाली धरली तर एकेक दाणा गुळगुळीत, मोत्यासारखा. गेल्या शनिवारी ब्रिजर बेला मी तळहातावर चिमूटभर घेतली, शेजारी घरून नेलेली खसखस ठेवली आणि फोटो काढला. संपादकांकडे पाठवलाय, ते शाळेच्या पत्त्यावर टपालाने पाठवतील. डावीकडची खसखस. मुलांना आधी सांगू नका, ओळखायला लावा.